वडिलांच्या जुन्या ईमेलचा बॅकअप: फाइल उतरवली, पण उघडायची आणि पुन्हा चढवायची कशी?

प्रश्न (दांडियाबाजार, बडोदा)

माझ्या वडिलांचे जीमेल खाते २००६ सालचे आहे. त्या काळी कुणी निमंत्रण पाठवल्याखेरीज ते उघडता येत नसे. बाबांना ते पुण्याच्या मामांकडून मिळाले. पेन्शनचा पत्रव्यवहार, घराच्या वाटणीचे कागद, इंदूर-ग्वाल्हेरच्या नातेवाइकांकडून जमवलेली वंशावळ, सारे काही त्यातच आहे. आता मोफत मिळणारी १५ जीबीची जागा भरत आली असून लवकरच नवी पत्रे येणे थांबेल, असा इशारा सारखा दिसतो. म्हणून सर्व पत्रांची प्रत घरी उतरवून घ्यावी आणि मगच खाते हलके करावे, असे आम्ही ठरवले.

गूगल टेकआउटमध्ये (खात्यातील माहितीची प्रत देणारी गूगलची सोय) फक्त मेल निवडून प्रत मागवली. दुसऱ्या दिवशी दुवा आला. झिप उलगडल्यावर आत 'ऑल मेल इन्क्लूडिंग स्पॅम अँड ट्रॅश' या नावाची ११ जीबीची एकच एमबॉक्स फाइल (सारी पत्रे एकापाठोपाठ साठवणारी) निघाली. नोटपॅडमध्ये ती उघडत नाही. दुसऱ्या एका प्रोग्राममध्ये उघडली, तर मराठी पत्रांच्या जागी रोमन अक्षरे आणि आकडे यांच्या ओळीच्या ओळी दिसतात. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा आणि पूर्ण रिकामा असूनही फाइल फार मोठी आहे, असे सांगून तो ती घेत नाही. फाइल उतरतानाच बिघडली असेल का? आणि पुढेमागे गरज पडली, तर ही पत्रे पुन्हा खात्यात चढवता येतात का?

उत्तर १ (मांडवीकर)

ताई, आपण सांगितलेल्या लक्षणांवरून तरी फाइल बिघडलेली दिसत नाही. ईमेलची मूळ व्यवस्था साध्या रोमन मजकुरासाठी बेतलेली असल्यामुळे देवनागरी मजकूर आणि जोडलेल्या फायली बहुधा बेस-६४ नावाच्या सांकेतिक रूपात बदलून पाठवल्या जातात, आणि आपल्याला दिसणाऱ्या ओळी म्हणजे तेच रूप होय. या बदलात मूळ मजकुराचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, हेही ध्यानात असू द्यावे. पेनड्राइव्हची अडचण निराळी आहे. तो फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असणार, आणि त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, मग बाकी जागा कितीही रिकामी असो. त्याऐवजी एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून घ्या, मात्र त्याने पेनड्राइव्हवरचे सारे पुसले जाते.

वाचण्यासाठी थंडरबर्ड हा मोफत प्रोग्राम घ्यावा आणि त्यात 'इम्पोर्ट एक्सपोर्ट टूल्स एनजी' हे ॲड-ऑन (जोडप्रोग्राम) बसवून एमबॉक्स फाइल 'लोकल फोल्डर्स'मध्ये, म्हणजे फक्त संगणकावर राहणाऱ्या फोल्डरांत, आयात करावी. ११ जीबीला वेळ लागेल. मध्येच संगणक बंद करू नये. आयात झाल्यावर सगळी पत्रे एकाच फोल्डरमध्ये दिसतील, कारण जीमेलची लेबले हे फोल्डर नसून पत्राच्या शीर्षभागात लिहिलेली नोंद असते आणि थंडरबर्ड त्या नोंदीवरून फोल्डर पाडत नाही. बाबांनी लेबले लावून पत्रे नीट वेगळी ठेवली असतील, तर टेकआउटमध्ये मेलच्या पर्यायांत जाऊन हवी ती लेबले निवडून पुन्हा प्रत मागवावी. मग प्रत्येक लेबलाची स्वतंत्र फाइल मिळते. तयार झालेली प्रत साधारण आठवडाभरच उतरवता येते, तेव्हा दुवा आला की लगेच उतरवून घ्यावी.

पुन्हा चढवण्याचे बोलायचे, तर एमबॉक्स फाइल उचलून थेट जीमेलमध्ये टाकण्याची सोय जीमेलच्या पानावर नाही. थंडरबर्डमध्ये तेच खाते आयमॅपने, म्हणजे गूगलच्या सर्व्हरवरील पत्रे प्रोग्राममध्ये दाखवणाऱ्या पद्धतीने, जोडून लोकल फोल्डरमधील पत्रे खात्याच्या फोल्डरमध्ये कॉपी करावी लागतात. आयमॅपने रोज किती चढवता येईल यावर गूगलची मर्यादा आहे. संस्थांच्या खात्यांसाठी गूगलने दिलेला आकडा दिवसाला ५०० एमबी आहे. सगळा संग्रह चढवायचा झाल्यास कित्येक दिवस जातील, हे गृहीत धरूनच चालावे.

उत्तर २ (रावपुऱ्याचा वाचक)

एवढा खटाटोप कशासाठी? थंडरबर्डमध्ये आयमॅपने खाते जोडा. सगळी पत्रे आपोआप संगणकावर येतात आणि तोच बॅकअप झाला.

उत्तर ३ (मांडवीकर)

याच्याशी मी सहमत नाही, आणि नेमके याच समजापायी लोकांची पत्रे जातात. आयमॅप ही प्रत नव्हे. ते सर्व्हरवरील स्थितीचे प्रतिबिंब आहे. जीमेलमधून पत्र काढून टाकले की पुढच्या वेळी खाते जुळवून घेताना थंडरबर्डमधूनही ते जाते, आणि ताईंचा तर जुनी पत्रे काढून टाकण्याचाच विचार आहे. लोकल फोल्डरमध्ये गेलेले पत्र मात्र सर्व्हरवर काहीही घडले तरी राहते. आउटलुक हा मायक्रोसॉफ्टचा ईमेल प्रोग्राम वापरणाऱ्यांनाही हेच लागू आहे: त्यातील ओएसटी फाइल ही खात्याची सावली असते, जपून ठेवायची ती पीएसटी.

प्रश्नकर्ती

आपल्या सांगण्याप्रमाणे केले. वंशावळीची २०१२ नंतरची पत्रे स्वच्छ मराठीत दिसतात. काही पत्रे नव्या फोल्डरमध्ये चढवून पाहिली, तीही तारखांसह नीट आली. परंतु २००७-०८ सालच्या काही पत्रांत थंडरबर्डमध्येही अर्थहीन रोमन अक्षरेच आहेत. ही मात्र खराब झाली, असे समजायचे का?

उत्तर ४ (एक डीटीपीवाले, सयाजीगंज)

ही पत्रेही शाबूत असावीत. त्या काळी बरेच जण युनिकोडऐवजी (आजची सर्वत्र चालणारी अक्षरसंकेत पद्धत) शिवाजी, श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टंकलेखन करीत. या फॉन्टमध्ये रोमन अक्षराच्या जागी देवनागरी आकृती बसवलेली असते, त्यामुळे फॉन्ट नसला की खालची रोमन अक्षरे उघडी पडतात. असा मजकूर वर्डमध्ये चिकटवून योग्य फॉन्ट लावला की वाचता येतो, फक्त नेमका कोणता फॉन्ट होता ते शोधावे लागते. पाठवणाऱ्यालाच विचारणे सर्वांत सोपे. युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनेही आहेत, पण जोडाक्षरे आणि रफार यांत ती हमखास घोळ घालतात, म्हणून वाटणीच्या कागदांसारखा मजकूर मुळाशी ताडून पाहावा. त्या फॉन्टची फाइल एमबॉक्सशेजारीच ठेवा, नाहीतर पुढच्या संगणकावर हाच शोध पुन्हा करावा लागेल.

उत्तर ५ (मांडवीकर)

दोन गोष्टी राहिल्या. पहिली प्रत संगणकावर असली, तरी दुसरी घराबाहेर, शक्यतो वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुणा नातेवाइकाकडे ठेवावी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी घरांत शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटांचे काय झाले ते बडोदेकरांना सांगायला नको. पेन्शनचे कागद आणि आधारच्या प्रती आत असणार, म्हणून बाहेर जाणारी प्रत सेव्हन-झिप या प्रोग्रामने पासवर्ड लावूनच द्यावी आणि तो पासवर्ड बाबांच्या वहीतही लिहून ठेवावा.

दुसरी गोष्ट म्हणजे पत्रे काढण्यापूर्वी जागा कशाने भरली आहे ते पाहा. १५ जीबीत गूगल ड्राइव्हवरील फायली आणि फोटोही मोजले जातात, आणि १ जून २०२१ नंतर चढवलेले फोटो तर कोणत्याही दर्जाचे असले तरी त्यात धरले जातात. पत्रांचीच जागा जास्त निघाली, तर जीमेलच्या शोधपेटीतील पर्यायांत १० एमबीपेक्षा मोठी पत्रे मागून आधी तेवढीच काढा. ती कचरापेटीत ३० दिवस राहतात आणि तोवर जागा मोकळी होत नाही, तेव्हा लोकल फोल्डरमध्ये ती आहेत याची खात्री करून पेटी स्वतः रिकामी करा.