सीजे-३बी पेट्रोल जीपला कोणता कार्बोरेटर? कार्टर रिपेअर करू, सोलेक्स टाकू की वेबर मागवू?

भोरकर_जीप
नमस्कार मंडळी. काकांची ६०च्या दशकातली सीजे-३बी आहे, उंच बॉनेटवाली. मूळ पेट्रोल हरिकेन इंजिनच आहे अजून, डिझेल टाकलेलं नाही आणि टाकायचंही नाही. सपाटीला मस्त चालते. पण शेताकडे जाताना शेवटचा चढ एकदम खडा आहे, तिथे लो गिअरमध्ये सावकाश चढवताना मधेच गुदमरते, मागून काळा धूर, आणि बंद. मग बराच वेळ चालूच होत नाही, पेट्रोलचा वास सुटतो. वर कार्टर वायएफ कार्बोरेटर (हवा-पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा) आहे, झिजलाय, बटरफ्लायचा (हवेच्या झडपेचा) शाफ्ट हाताने हलतो. स्लो (आयडलिंग) पण नीट बसत नाही. आमचा मेकॅनिक म्हणतो अ‍ॅम्बॅसिडरचा सोलेक्स टाकून मोकळे होऊ, मित्र म्हणतो दोन नळ्यांचा वेबर ३२/३६ मागव, पिकअप बघच. माझा वापर म्हणजे घाट, शेत, पावसाळ्यातला चिखल, हायवे जवळपास नाहीच. काय करू?

घाटवाट
आधी एक सांगतो, डिझेल न टाकता ठेवलीत याबद्दल मनापासून आनंद झाला, मूळ पेट्रोल इंजिनवाल्या आता बघायला मिळत नाहीत.

आता मुद्दा. कार्बोरेटर मोठा घेतला की गाडीची ताकद वाढते हे डोक्यातून काढा. तुमचं इंजिन २१९९ सीसी, फोर स्ट्रोक, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढणार. ४००० आरपीएमला ते मिनिटाला जास्तीत जास्त ४४०० लिटर हवा ओढेल, म्हणजे साधारण १५५ सीएफएम (मिनिटाला घनफूट), आणि प्रत्यक्षात सिलेंडर कधीच पूर्ण भरत नाहीत त्यामुळे १२०-१२५ धरा. एवढी हवा चांगला सिंगल बॅरल (एका नळीचा) आरामात देतो. आणि तुम्ही शेतात ४००० वर चालवणार आहात का? तुमचं सगळं काम १००० ते २००० मध्ये. तिथे व्हेंचुरी (कार्बोरेटरचा अरुंद गळा) मोठी असली की हवेचा वेग पडतो, हवा सावकाश गेली की जेटमधून (बारीक भोकातून) पेट्रोल नीट ओढलं जात नाही आणि रेस दिली की गाडी आधी अडखळते मग उचलते. दगडावर चाक चढवताना तो अडखळा फार त्रास देतो.

ऑफरोडला आणखी एक गोष्ट बघायची जी रस्त्यावरच्या गाडीला कोणी बघत नाही, ती म्हणजे फ्लोटचं भांडं (कार्बोरेटरमधलं पेट्रोल साठवायचं) कुठल्या बाजूला येतंय. भांडं पुढे असेल तर चढावर ते पेट्रोल सोडणाऱ्या नळीपेक्षा वर जातं आणि पेट्रोल आपोआप आत सांडतं, मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त), काळा धूर, प्लग ओले. भांडं मागे असेल तर उलट, चढावर पेट्रोल कमी पडतं, गाडी फटफट करते आणि धूर न सोडता मरते. तुमची लक्षणं सरळ ओव्हरफ्लोची आहेत. म्हणजे फ्लोट लेव्हल जास्त असेल, नीडल (भांड्यात येणारं पेट्रोल अडवणारी सुई) धरत नसेल नाहीतर पंपाचं प्रेशर जास्त असेल. हे तिन्ही न बघता नवीन कार्बोरेटर आणला तरी पंपाचा दोष असेल तर तो तसाच राहणार.

लेथवाला_सातारा
वरच्यांशी सहमत. मी पहिले शाफ्ट करून घेईन. शाफ्ट हलतो म्हणजे तिथून एअर घेतेय, म्हणून स्लो बसत नाही, कितीही स्क्रू फिरवा. इंजिन स्लोला ठेवून शाफ्टच्या टोकाला पाण्याचा बारीक फवारा मारा, आवाज बदलला तर नक्की तिथेच. बॉडीला भोक मोठं करून ब्रासचा बुश बसवायचा, नवीन शाफ्ट, काम संपलं. चांगल्या लेथवाल्याला हे अवघड नाही, फक्त बटरफ्लाय परत बसवताना बोअरमध्ये सगळीकडे सारखी टेकली पाहिजे, उजेडाला धरून बघायचं.

वायएफला आत रबरी डायफ्राम असतो, पिकअपचा पंप आणि मीटरिंग रॉड (पेट्रोल मोजून सोडणारी काडी) दोन्ही त्याच्यावर चालतात. तो कडक झाला असेल तर बदला आणि किट घेताना इथेनॉलला टिकणारं रबर आहे का हे विचारून घ्या, आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे, जुनं रबर त्यात फुगतं नाहीतर सुटतं. भांड्यात पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नका.

सोलेक्सच टाकायचा ठरला तर तोही वाईट नाही, स्वस्त, जेट बाहेरून आणून बदलता येतात, पुण्यात नाना पेठेत नाहीतर मुंबईत कुर्ल्याला शोधलं तर सामान मिळतं. पण अ‍ॅम्बॅसिडरचा आहे तसा बसवू नका, तो १४८९ सीसीसाठी लावलेला, तुमच्या इंजिनला जेट लहान पडेल, प्लग पांढरे होतील, व्हॉल्व्ह जळतील. जेटवरचा आकडा म्हणजे भोक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, १२० म्हणजे १.२० मिमी. वर ई२० ला साध्या पेट्रोलपेक्षा सात-आठ टक्के जास्त इंधन लागतं, म्हणजे १२० ने बरोबर चालत असेल तर १२५ च्या आसपास बघायचं. प्लगचा रंग बघत बघत जा. विटकरी-तपकिरी आला की थांबा.

लीड्सचा_पाटील
मी इंग्लंडमध्ये आहे, माझ्याकडे लँड रोव्हर सीरिज ३, २.२५ लिटर पेट्रोल. इथेही हाच वाद कायम चालू असतो. मूळ झेनिथ ३६ आयव्हीचा आतला इमल्शन ब्लॉक वाकतो, मग स्लो बिघडतो, म्हणून लोक वेबर ३४ आयसीएच टाकतात. पेट्रोल वाचतं, पण चढाला लोड घेऊन जाताना मूळच्याइतका दम राहत नाही असा अनुभव बऱ्याच जणांचा, माझाही. मी ब्लॉक काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट घासला, नवीन ओ-रिंग टाकली आणि झेनिथच ठेवला. मूळ कार्बोरेटर त्या इंजिनसाठीच लावलेला असतो, ते जुळवणं परत करायला खूप वेळ जातो.

चिखलप्रेमी
वेबरला उगाच बदनाम करू नका राव. ३२/३६ प्रोग्रेसिव्ह आहे, आधी ३२ ची बाजू एकटीच उघडते, दुसरी नंतर, त्यामुळे लो रेंजला सिंगल बॅरलसारखाच वागतो. खाली दम जातो हे मला पटत नाही. अडचण वेगळीच आहे. हरिकेनला इनटेक हेडमध्येच ओतलेलं आहे, कार्बोरेटर थेट हेडवर बसतो, वेबरला अ‍ॅडाप्टर लागणार, उंची वाढणार, एअर क्लीनर आणि लिंकेज (अ‍ॅक्सिलरेटरची जोडणी) सगळं नव्याने करायचं. जीप रोज शहरात चालत असती तर मी म्हटलं असतं करा. शेतासाठी नको. चिखलात, पाण्यातून जाताना मूळचा ऑइल बाथ (तेलात धूळ धरणारा) एअर क्लीनर पाहिजेच पाहिजे.

भोरकर_जीप
सगळ्यांचे खूप आभार. भांडं पुढेच आहे, आत्ता जाऊन बघितलं. म्हणजे आधी कार्टरच करू. पण गरम असताना चालू होत नाही त्याचं काय?

घाटवाट
हेडची गरमी थेट भांड्यापर्यंत येते, बंद केल्यावर पेट्रोल उकळून आत सांडतं. कार्बोरेटरखाली बॅकेलाइटचा (गरमी अडवणारा) जाड स्पेसर टाका, दोन्हीकडे नवीन पॅकिंग. आणि ओव्हरफ्लो झाली की अ‍ॅक्सिलरेटर पंप करत बसू नका, त्याने आणखी पेट्रोल पडतं. पूर्ण दाबून तसाच धरा, चोक आत, मग सेल्फ मारा.

एक टेस्ट करा. गाडी चढावर तोंड वर करून उभी करा, चाकामागे दगड, कोणीतरी ब्रेकवर, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी. इंजिन चालू करून बंद करा, एअर क्लीनरचा पाइप काढा आणि टॉर्चने आत बघा. नळीच्या टोकाला थेंब धरून खाली पडत असेल तर लेव्हल किंवा नीडल. मग फ्लोट काढा आणि कानाजवळ हलवा. ब्रासचा फ्लोट आहे, आत पेट्रोल खळखळलं तर तो बुडतोय. शंका असेल तर गरम पाण्यात दाबून धरा, चीर असेल तिथून बुडबुडे येतील. डाग देऊन भागवू नका, वजन वाढतं आणि लेव्हल परत चुकते, नवीनच घ्या. फ्लोट चांगला निघाला तर नीडल-सीट बदला आणि पंपाच्या लाइनला गेज लावून प्रेशर बघा, ५ पीएसआयच्या वर दिसलं तर चांगली नीडलही धरणार नाही.