सी-१ झालं, तरी बोलताना तीच तीच वाक्यं. पुढे कसं जायचं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

जर्मन शिकलेल्या किंवा शिकवणाऱ्या जाणकारांकडून मार्गदर्शन हवं आहे. दुसरी कुठली परभाषा मुरवलेल्यांनीही जरूर लिहा.

सी-१ची (सर्वांत वरच्या सी-२च्या एक पायरी खालची पातळी) परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाले. बातम्या कळतात, पॉडकास्ट हातातलं काम करता करता ऐकता येतात, मोठे लेख शब्दकोश न उघडता वाचते. घोडं अडलंय बोलण्यात. म्हणजे तोंड उघडत नाही असं नाही, धडाधड बोलते. पण ते सगळं ठरलेल्या साच्यांतलं असतं. जे नीट सांगता येणार नाही ते मी सांगतच नाही, विषय अलगद वळवते. ऐकणाऱ्याला वाटतं, काय छान बोलते! मराठीत तेच मत मांडताना मी मध्येच चिमटा काढला असता, अर्धवट मान्य करून पुढे फाटा फोडला असता. जर्मनमध्ये मी कुणाचंही लगेच पटणारी, जरा बाळबोध बाई होते.

दुसरी अडचण विशेषणांच्या प्रत्ययांची. तीन लिंगं, चार विभक्ती, शिवाय आधी कुठलं आर्टिकल आहे त्यावर विशेषणाचं शेपूट बदलतं. तीन लिंगांची मराठी माणसाला नवलाई नाही. क्रियापद शेवटी जाण्याचीही नाही (पोटवाक्यं मला त्यामुळेच सोपी गेली, मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी आणतानाच जास्त झटापट झाली). पण लिहिताना बरोबर येणारे हे प्रत्यय बोलताना गळतात. अर्थ पोचत असल्यामुळे कुणी टोकतही नाही.

"भरपूर ऐका, वाचा, आपोआप येईल" हा सल्ला कृपया नको. ते चालूच आहे. शिवाय कॅनडातल्या इंग्रजीभाषक मुलांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. त्यांना शाळेत इतर विषयही फ्रेंचमधून शिकवले जात. वर्षानुवर्षं असं शिकून त्यांना फ्रेंच उत्तम समजायला लागलं, पण बोलण्या-लिहिण्यातलं व्याकरण मागेच राहिलं. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये यावरूनच मांडलं की नुसतं ऐकणं-वाचणं पुरत नाही, शिकणाऱ्याला नेमकं बोलायला भाग पाडावं लागतं. मला पटतं. पण शाळा-क्लास संपलेल्या माणसाला भाग कोण पाडणार? हाच माझा प्रश्न आहे.

प्रतिसाद १

आधी एक शंका: तुम्हाला नक्की कुठे पोचायचंय? सी-१, सी-२ या पातळ्या ज्या युरोपीय चौकटीतून आल्या, त्या २००१च्या दस्तऐवजातच लिहिलंय की सी-२ म्हणजे मातृभाषकासारखी भाषा नव्हे. उच्चाराचंही तेच. जोसेफ कॉनरॅड विशीत इंग्रजी शिकले आणि त्या भाषेतले मोठे कादंबरीकार झाले, पण बोलताना पोलिश हेल शेवटपर्यंत ठळक होता. तुमची तक्रार हेलाची नाही हे चांगलं आहे, त्यात वेळ घालवू नका.

प्रतिसाद २

मी जपानीवाला. आमच्याकडे नवे लोक २,२०० तासांचा आकडा घेऊन येतात. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या संस्थेचा तो अंदाज इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी आहे आणि ते वर्गातले तास आहेत, घरचा अभ्यास वेगळा. बरं, एवढं करून त्यांच्या ० ते ५ या मापावर माणूस ३ला पोचतो, म्हणजे नोकरीतलं काम निभावण्यापुरता. ३च्या पुढच्या तासांचा हिशोब कुणी देत नाही, कारण तिथून पुढे प्रत्येकाची वाट वेगळी.

प्रतिसाद ३

ताई, मी शिकवते, त्यामुळे जरा लांबण लावते.

तुमच्या अडचणी दोन आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. प्रत्ययांची चूक घट्ट बसली आहे. भाषाशास्त्रज्ञ लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये याला फॉसिलायझेशन (चूक दगडासारखी गोठणं) म्हटलं. गप्पांमधून ती जात नाही, कारण गप्पा मारताना लक्ष अर्थावर असतं. ४-३-२ नावाचा सराव करून बघा. एकच विषय आधी चार मिनिटांत सांगायचा, मग नव्या श्रोत्याला तीन मिनिटांत, मग दोन. मात्र यातून मुख्यतः ओघ वाढतो, चुका आपोआप जात नाहीत. म्हणून मी त्यात एक पायरी घालते: पहिल्या फेरीचं रेकॉर्डिंग जसंच्या तसं लिहून काढायचं, फक्त प्रत्यय तपासायचे आणि मगच दुसरी फेरी. कंटाळवाणं आहे. माझे निम्मे विद्यार्थी इथेच पळतात. दर वेळी एकाच प्रकारची चूक पकडा, सगळ्या एकदम धराल तर बोलणंच बंद पडेल.

बाळबोधपणावर उपाय म्हणजे न पटणाऱ्या मताची बाजू मांडायची. परीक्षेतल्या चर्चेत ठरलेली पाच-सहा वाक्यं तारून नेतात, पण खऱ्या वादात ती दोन मिनिटांत संपतात. एकच विषय महिनाभर धरा. त्यावरचे अग्रलेख आणि मुलाखती घ्या, आणि लोक नकार कसा देतात, मुद्दा अर्धा कसा सोडतात, टोमणा कुठे मारतात एवढंच टिपा. सुटे शब्द नकोत, अख्खे तुकडे टिपा. मग त्या विषयावर कुणाशी तरी भांडा.

प्रतिसाद ४

+१. शब्दसाठाही तपासा. इंग्रजीबाबत शब्दसाठ्याचे अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ मध्ये काढलेला हिशोब असा: वर्तमानपत्र किंवा कादंबरी बिनमदतीने वाचायला आठ-नऊ हजार शब्दकुळं (मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुळ) लागतात, बोलणं समजायला सहा-सात हजार. पण हे झालं समजण्याचं. जिभेवर येणारे शब्द नेहमी कमीच असतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. प्रतिसाद १, कुठे पोचायचंय याचं उत्तर: मतभेद असतील तिथे गप्प न बसण्यापर्यंत. एवढं जमलं तरी मला पुरे.

प्रतिसाद ३ मधला लिहून काढण्याचा भाग आजपासून करते. फक्त एक अडतंय. भाषा-विनिमयातले (एकमेकांना आपापली भाषा शिकवणारे) जोडीदार सभ्य असतात, "सगळं छान" म्हणून सोडून देतात, आणि दर वेळी शिक्षकाची फी परवडणारी नाही. दर बोलण्यात एकच ठरलेली चूक पकडून द्या, बाकी सोडा, असं सांगितलं तर लोक खरंच ते करतात का? कुणी केलंय का असं? आणि बोलणं मध्येच थांबवून सांगावं की शेवटी एकदम?