मदत हवी आहे: अनंत संचाला 'एकतर खरं नाहीतर खोटं' लागू होतं का?

मंडळी जरा डोकं लावा. डच गणिती ब्राउअरने १९०८ मध्ये मांडलं की 'विधान एकतर खरं नाहीतर खोटं' हा नियम मर्यादित संचापुरता ठीक, अनंत संचाला डोळे झाकून लावायचा नाही. पुढे त्याने पाय (π, ३.१४१५...) चं उदाहरण दिलं, त्याच्या दशांशात ०१२३४५६७८९ असे आकडे ओळीने येतात का? तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून हो पण म्हणू नका आणि नाही पण. आता गंमत बघा, १९९७ मध्ये ते सापडले, १७ अब्जाव्या स्थानाच्याही पुढे! मग ब्राउअर वाद घालत होता तेव्हाही ते तिथेच होते ना? माझं घोडं इथेच अडलंय. मित्र म्हणतो उदाहरण बदल, सलग १०० वेळा ७ घे, वाद जसाच्या तसा. ते पटतं, पण मग गणिती कॅन्टरचा कर्णाचा (डायगोनल) पुरावा, म्हणजे सगळ्या दशांश संख्यांची यादी करताच येत नाही हा, ब्राउअरवाल्यांना चालतो का, कारण त्यात तर यादीत नसलेली संख्या खरोखर बनवून दाखवतात? आणि ब्राउअरला विरोध करणारा जर्मन गणिती हिल्बर्ट एवढा का भडकला होता, हा नियम काढला तर नेहमीच्या कॅल्क्युलसमधलं नक्की काय काय कोसळतं? इंटरमीजिएट व्हॅल्यू थिअरम (अखंड आलेख ऋणाकडून धनाकडे जाताना मधे कुठेतरी शून्यातून जातोच) जातो एवढंच ऐकलंय. कुणी एक उदाहरण घेऊन समजावा, नुसती लिंक नको प्लीज.