सभासदत्वासोबत मिळणारे गेम डीआरएममुक्तच असावेत का?

हर्णैचा_वारा

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. कंपनी महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी घेते आणि सभासदांना त्यासोबत गेम देते. हे गेम डीआरएममुक्तच (डीआरएम म्हणजे वापरायची परवानगी तपासणारं डिजिटल कुलूप) असले पाहिजेत. म्हणजे फाईल एकदा उतरवली, इन्स्टॉल केली, की त्या गेमने पुन्हा कुठल्याही सर्व्हरला माझ्याबद्दल विचारायचं नाही. मी सभासद राहो न राहो, नेट असो नसो.

आज दोन्ही प्रकार चालू आहेत. प्लेस्टेशन प्लसमध्ये दर महिन्याला जे गेम खात्यात जमा करता, ते वर्गणी चालू असेपर्यंतच उघडतात. उलट ॲमेझॉनच्या प्राइम गेमिंगमध्ये कितीतरी गेम जीओजी या ऑनलाइन गेमदुकानाच्या कोडच्या रूपात मिळाले. तो कोड मुदतीत जीओजीच्या खात्यात टाकला की गेम तिथेच राहतो, प्राइम बंद केलं तरी. शिवाय जीओजीवरून त्याचा ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवून स्वतःच्या डिस्कवर ठेवता येतो. वर्गणी दोन्हीकडे भरायची, मग हातात राहणाऱ्या गोष्टीत इतका फरक का?

आपल्या किनाऱ्यावर तर हा फरक फारच जाणवतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या पट्ट्यात विजेचे खांब अक्षरशः झोपले. कितीतरी गावांत वीज यायला आठवडे लागले, मोबाइलचे टॉवरही बंद. आमच्या शेजारी संध्याकाळी जनरेटर लावायचे, त्यावर पाण्याचा पंप चालायचा आणि वाडीतले फोन चार्ज व्हायचे. तेवढ्यात माझा लॅपटॉपही भरून घ्यायचो आणि घाबरलेली मुलं त्याच्याभोवती बसायची. जीओजीवरून उतरवलेले जुने गेम लगेच सुरू झाले. बाकीचे उघडले की गोल चकती फिरत राहायची, मग लॉगिनची चौकट, मग 'कनेक्शन तपासा'. त्यातल्या एकालाही खेळताना नेट लागत नव्हतं, फक्त मी कोण हे विचारण्यासाठी लागत होतं. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा सिंधुदुर्गातल्या लोकांनीही हेच भोगलं असणार.

आणि वर्गणी नेहमी आपल्या मर्जीने थांबते असंही नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे कार्डावरच्या आपोआप वसुलीचे नियम कडक झाले. वसुलीच्या २४ तास आधी सूचना, सुरुवातीला ओटीपीने मंजुरी वगैरे. नियम ग्राहकाच्या भल्याचाच आहे, पण अनेक परदेशी सेवांची यंत्रणा त्याला तयार नव्हती आणि भारतीय कार्डं नाकारली गेली. माझंही एक सभासदत्व असंच बंद पडलं. खात्यात पैसे होते, कार्ड चालू होतं, पण अर्धवट खेळलेल्या गेमवर 'सभासदत्व संपले' अशी पाटी आली.

---

मांडवी_बंदर, रत्नागिरी

मला हे पटत नाही. आमच्या रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासून चालू आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तिथे वर्गणी भरली, पुस्तकं वाचली आणि परत दिली. वर्गणी बंद केल्यावर पुस्तकं घरीच राहू द्या असं कुणी म्हटलं नाही. भाड्याने वापरणं ही प्रामाणिक व्यवस्था आहे आणि परवडणारीही. एक नवा मोठा गेम भारतात तीन-चार हजारांना पडतो, काही त्याहून महाग. इंजिनिअरिंगच्या पोरांनी ते पैसे आणायचे कुठून? मायक्रोसॉफ्टचा गेम पास २०१७ मध्ये आला, त्यामुळे महिन्याच्या काहीशे रुपयांत शेकडो गेम खेळता आले.

आता हे सगळं डीआरएममुक्त करा म्हणालात तर काय होईल? लोक एक महिन्याची वर्गणी भरतील, सगळं उतरवून घेतील आणि निघून जातील. मग कुठला प्रकाशक आपला चांगला गेम सभासदत्वात देईल?

कायद्यानेही हा फरक मानलाय. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून नवा कायदा लागू झाला: डिजिटल वस्तू 'विकत घ्या' म्हणून विकत असाल आणि प्रत्यक्षात फक्त परवाना देत असाल, तर ग्राहकाला तसं स्पष्ट सांगा. त्यातून दोघांना सूट आहे. एक, जे कायमची उतरवून ठेवता येईल अशी ऑफलाइन प्रत देतात. दुसरी, वर्गणी चालू असेपर्यंतच वापर असं सांगून चालणाऱ्या सेवा. कारण तिथे फसवणूकच नाही.

---

हर्णैचा_वारा

वाचनालयाचा मुद्दा चांगला आहे, पण तो पूर्ण बघा. मी पुस्तक परत दिलं तरी ते वाचनालयाच्या कपाटात राहतं, उद्या दुसरा कुणी वाचतो. इथे कपाटच कंपनीच्या हातात आहे. युबिसॉफ्टचा 'द क्रू' २०१४ चा गेम. लोकांनी पूर्ण पैसे मोजून घेतला होता. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि तो जगात कुणालाच खेळता येईना. त्यातूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि युरोपात तिच्या मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. हे लोक फुकटे नव्हते.

आणि गेम पासला माझा विरोध नाही. तिथे आधीच सांगितलंय की हा फिरता संग्रह आहे, गेम येतील आणि जातील. मी बोलतोय ते वर्गणीवरच्या जोडलाभांबद्दल. 'या महिन्याचे गेम, आजच आपल्या खात्यात जमा करा' अशी जाहिरात करून जे दिले जातात, त्यांच्याबद्दल. ते दिले म्हणजे दिले.

---

लिनक्सवाला_मालवण

हर्णैकरांच्या बाजूने एक जुनी गोष्ट, आणि थोडी विरुद्धही.

हंबल बंडल (गेमचे संच विकणारी साइट) २०१० मध्ये सुरू झालं तेव्हा त्याची ख्याती तीन गोष्टींवर होती: मनाला येईल ती किंमत द्या, डीआरएम नाही, आणि गेम विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर. पुढे त्यांनी मासिक सभासदत्व काढलं आणि सभासदांसाठी 'हंबल ट्रोव्ह' नावाचा संग्रह ठेवला. त्यात बरेच छोटे स्वतंत्र गेम, सरळ इन्स्टॉलर उतरवून घ्यायचे. मला विचाराल तर सभासदत्वाचा खरा लाभ तोच होता.

जानेवारी २०२२ मध्ये घोषणा आली. ट्रोव्ह बंद, त्याजागी स्वतःच्या ॲपमधून चालणारा संग्रह, आणि ॲप फक्त विंडोजसाठी. मॅक आणि लिनक्सच्या फाईली हव्या असतील तर ३१ जानेवारीच्या आत उतरवून घ्या. आमच्यासारख्यांना तर वर्गणी चालू ठेवूनही तो संग्रह उरला नाही.

म्हणजे डीआरएममुक्त असून भागत नाही. संग्रह सेवेच्या पानावरच राहिला आणि तुम्ही उतरवला नाही, तर तो तुमचा नाही. ज्यांनी वेळेत उतरवला त्यांचे गेम आजही चालतात, मी त्यातलाच एक. तेव्हा मागणी दोन्हीची करा: फाईलही द्या आणि कायमच्या खात्यात नोंदही द्या.

---

सड्यावरची_रेंज

डीआरएम ऱ्हवांदे नायतर जावंदे, पयलो प्रश्न गेम उतरवचो कसो? आमच्या वाडीत रेंज गावता ती सड्यार. दिवसाक दोन जीबी, त्यातलो अर्धो डेटा व्हॉट्सॲपार जाता. पन्नास जीबीचो गेम घेवचो म्हटल्यार दीड-दोन महिने जातले. तरी एक बरा आसा, जीओजीर मोठ्या गेमाचो इन्स्टॉलर चार-चार जीबीच्या तुकड्यांनी येता. एक तुकडो मदीच तुटलो तर तेवढोच परत घेवचो. आणि एकदा घेतलो काय डिस्कार ठेवचो, परत नेटाचा तोंड बघूक नको. म्हणान माझो पाठिंबो हर्णैच्या भावाक.

---

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

तुम्ही सगळे 'डिस्कवर ठेवा' म्हणताय म्हणून लिहिते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा आमचं तळमजल्यावरचं घर पाण्याखाली गेलं. माझ्या भावाची हार्ड डिस्क कपाटात होती. पाणी ओसरल्यावर ती सापडली, पण यूएसबीच्या खाचेत गाळ बसलेला आणि हलवली की आतून पाण्याचा आवाज. त्यात त्याने कॉलेजपासून जमवलेले डीआरएममुक्त गेम होते, आणि आमच्या आजोबांचे फोटोही होते. त्यातलं काहीच परत मिळालं नाही.

नवा लॅपटॉप घेतल्यावर स्टीम या ऑनलाइन गेमदुकानावर लॉगिन केलं आणि तिथली अख्खी लायब्ररी समोर आली. बऱ्याच गेमचे सेव्हसुद्धा क्लाउडवर शाबूत. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की सर्व्हरवरचं खातं ही आमच्यासारख्या पूरग्रस्त गावात अडचण नाही, आधार आहे. डिस्कवरच्या फाईलला मालकी म्हणणाऱ्यांनी ती मालकी पाण्यात जाताना बघितलेली नाही.

---

हर्णैचा_वारा

ताई, तुमचं नुकसान फार मोठं आहे, आजोबांच्या फोटोंचं तर भरूनच येणार नाही.

पण खातं आणि डीआरएम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीओजीवरही खातंच असतं. डिस्क गेली तर लॉगिन करून तोच इन्स्टॉलर पुन्हा उतरवता येतो, पुन्हा पैसे पडत नाहीत. स्टीमवरसुद्धा प्रकाशकाला डीआरएम घालण्याची सक्ती नाही, तिथलेही काही गेम एकदा उतरवले की स्टीमशिवाय चालतात. खातं हवंच, तुमचा मुद्दा मान्य. पण रोज परवानगी मागणारं खातं कशाला? पुरात खातं उपयोगी पडतं आणि वादळात फाईल. आपल्याकडे दोन्ही येतात.

---

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

हे खरं आहे. पण मग 'डीआरएममुक्तच' यातला 'च' माझ्यासाठी खात्यालाही लावा.

---

कुडाळचा_कोडर

मी एका छोट्या गेम स्टुडिओत काम करतो, सध्या घरूनच, कुडाळहून. दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी.

सभासदत्वात गेम दिल्याबद्दल आमच्यासारख्यांना सहसा ठरलेली रक्कम मिळते. बदल्यात आमचा गेम एका झटक्यात प्रचंड लोकांकडे जातो. त्यानंतर विक्री साहजिकच घटते, ज्यांनी विकत घेतला असता त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे तो आधीच असतो. त्यात तो डीआरएममुक्त दिला तर पुढच्या प्रती कुठे कुठे जातात याचा हिशेबच नाही. मोठी कंपनी हे सोसते. आम्ही चार-पाच जण पगारावर जगतो.

दुसरी गोष्ट अपडेटची, जी खेळणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. डिस्कवर ठेवलेला इन्स्टॉलर ज्या दिवशी उतरवला त्या दिवसाचाच राहतो. आम्ही सेव्ह खराब होण्याचा दोष दुरुस्त करून महिने झालेले असतात, तरी जुनी प्रत चालवणारे तीच तक्रार लिहितात, एक तारा देतात आणि नवा ग्राहक तो तारा बघून परत जातो. क्लायंटमधून, म्हणजे दुकानाच्या ॲपमधून, गेम चालला की दुरुस्ती सगळ्यांपर्यंत आपोआप पोचते.

---

अलिबागची_होडी

कुडाळकर, प्रती फिरण्याबद्दल तुम्ही बोललात ते खरंच आहे. गणपतीत मुंबईहून चाकरमानी येतात तेव्हा बॅगेत हार्ड डिस्क असते. आरत्या झाल्या की पडवीत मुलं लॅपटॉप घेऊन बसतात आणि सकाळपर्यंत सगळ्या वाडीत तेच गेम. मला हे चूक वाटतं आणि मी आमच्या घरात बोलून दाखवते. कुलूप नाही याचा अर्थ वाटायला मोकळीक असा होत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कायदेशीर प्रत जवळ असलेल्याला नुकसानीपासून संरक्षण म्हणून संगणक प्रोग्रामची बॅकअप प्रत करायची मुभा आहे, वाटायची नाही. आणि २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ प्रमाणे, हक्कभंगाच्या हेतूने डीआरएम तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

पण याच कारणाने मी डीआरएममुक्तच्या बाजूने आहे. आज जो गेम डीआरएमसह येतो तोही फोडलेल्या रूपात त्याच हार्ड डिस्कवर असतो. फोडणाऱ्याला काही अडत नाही, सर्व्हर बंद पडला की अडतं ते पैसे भरणाऱ्याचं. 'विचर ३' हा गेम मे २०१५ मध्ये जीओजीवर पहिल्या दिवसापासून डीआरएमशिवाय आला, आणि २०२३ पर्यंत सगळीकडे मिळून त्याच्या पाच कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्याचं तो बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्टने सांगितलं. ज्याला विकत घ्यायचा होता त्याने घेतलाच.

---

कुडाळचा_कोडर

'विचर'चं उदाहरण प्रत्येक वेळी येतं. त्या कंपनीकडे तेव्हाच नाव होतं, आधीचे दोन गेम होते, आणि जीओजी हे दुकानही तिच्याच समूहाचं होतं. आमचा पहिला गेम आहे. हा दाखला आम्हाला लागू होत नाही.

---

मांडवी_बंदर, रत्नागिरी

इतकं वाचूनही मी भाड्याच्या बाजूने आहे, कारण डीआरएममुक्तची सक्ती केली तर यादीत फक्त जुनेपाने गेम उरतील आणि नुकसान गरीब मुलांचंच होईल. पण हर्णैकरांची एक गोष्ट मला मान्य आहे. जाहिरातीत सगळे गेम एकाच रांगेत मांडतात, त्यामुळे कळतच नाही कुठला राहणार आणि कुठला जाणार. प्रत्येक गेमखाली एक ओळ लिहा: 'सभासद असेपर्यंत', 'अमुक दुकानाच्या खात्यात कायम', किंवा 'इन्स्टॉलर फाईल'. मग ज्याला जे हवं ते तो घेईल.

---

हर्णैचा_वारा

ही ओळ आजपासून यायला हवी, ती छापायला काही खर्च नाही. पण माझी मागणी तिच्यावर थांबत नाही. वर्षभर वर्गणी भरणाऱ्याच्या हाती निदान काही गेम तरी फाईल म्हणून आणि कायमच्या खात्यासह पडलेच पाहिजेत. जुने असले तरी चालतील. निसर्गच्या वेळी आमच्याकडे चालले तेही जुनेच होते, मुलांनी त्याबद्दल तक्रार केली नाही.

---

कुडाळचा_कोडर

जुने चालत असतील तर मग आपलं भांडण फार उरत नाही. गेमची विक्री पहिल्या एक-दोन वर्षांतच जास्त होते, नंतर ती मंदावते. तोवर मोठे दोषही दुरुस्त झालेले असतात, म्हणजे इन्स्टॉलर जुना पडण्याची माझी तक्रारही कमी होते. नवा गेम डीआरएमशिवाय सभासदत्वात द्यायला मी आमच्या लोकांना सांगणार नाही, पण दोन वर्षं झालेला द्यायला नक्की सांगेन. फक्त करारात एक अट घालू: सेवेने संग्रह बंद केला तर सभासदांना उतरवून घ्यायला पंधरा-वीस दिवस नाही, निदान सहा महिने द्यायचे. दिवसाला दोन जीबीवाल्यांनाही जमलं पाहिजे.