बिजासनला ताप मोजला, पुढे काय?

घाटावरचा
मे २०२०, कोविडचा लॉकडाऊन. आग्रा-मुंबई रस्त्यावर बिजासन घाटात, मध्य प्रदेश-महाराष्ट्राच्या हद्दीवर, हजारो मजूर अडकले होते. १४ तारखेला दगडफेकही झाली. मी तिथे टँकरवर पाणी वाटत होतो. तपासणी म्हणजे कपाळासमोर धरलेली ती बंदूक. एकाचा आकडा १०१ आला. सावलीत बसवला, पाव तासाने ९८. ताप उन्हाचा! त्याच्या बायकोला सातवा महिना, दोन दिवस लघवीला जळजळ. तिला कुणी विचारलंच नाही. माझं म्हणणं सरळ आहे: हद्दीवर आधी औषधपाणी, कागद नंतर.

रामबागकर
काका, एप्रिल २०२१ विसरलात? मामांसाठी आम्ही रात्रभर इंदूरभर बेड शोधत फिरलो. त्याआधी मार्चमध्ये मध्य प्रदेशने महाराष्ट्राच्या बस बंद केल्या, त्या काय उगाच? घरच्यांनाच पुरेना, तिथे बाहेरच्यांची पंगत कुठे बसवणार?

घाटावरचा
बस बंद झाल्या, माणसं नाही. अलीकडे उतरायची, पायी हद्द ओलांडायची, पलीकडे जीप धरायची. आणि बाहेरचे कोण रे? त्यात ऊसतोडीहून परतणारे आपल्याच बडवानी-खरगोनचेही होते.

निवृत्त सिस्टर, पलासिया
तुम्ही दोघं कोविडलाच चिकटून बसलात. टीबीचं औषध मधेच सुटलं तर पुढे तेच औषध लागू पडेनासं होतं. निक्षयमध्ये, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, नोंद असली की देशात कुठेही उपचार पुढे चालू ठेवता येतात, पण नोंदीला दिलेला मोबाइल बरेचदा मुकादमाचा! लॉकडाऊनमध्ये एकाने खिशातून गोळ्यांची रिकामी पट्टी काढली, म्हणाला, "सिस्टर, यही कार्ड है." त्या पट्टीवरून औषध ओळखलं. नाहीतर त्याला पुन्हा थुंकी तपासायला पाठवलं असतं, आणि तो काही परत आला नसता.

रामबागकर
मग सरकारी विम्याचं आयुष्मान कार्ड कशाला आहे? पाच लाखांपर्यंत, दुसऱ्या राज्यातही चालतं.

निवृत्त सिस्टर, पलासिया
भरती झालास तर, बाळा. ओपीडीतल्या गोळ्यांना ते कार्ड चालत नाही. जळजळ होते म्हणून सातव्या महिन्यातल्या बाईला भरती कोण करतं?

रामबागकर
बरं, गोळ्यांचं पटलं. हद्दीवर एक टेबल, एक नर्स, चार औषधं, कागद न मागता. हरकत नाही. बेडचं मात्र नाही पटत. मामा गेले त्या रात्री, मला मोठं मन दाखवता येणार नाही.

छावणीवाला
भिया, त्या बाईचं काय झालं?

घाटावरचा
देवासकडची बस लागली. चढताना पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या. टँकरवर तेवढंच होतं.