मदत हवी आहे: भागीदारी करार ब्रिटनच्या कायद्यात नेमका किती उतरायचा?

ब्रिटनमध्ये सरकारने करारावर सही केली म्हणून तो न्यायालयात चालत नाही, संसदेचा कायदा लागतो, इथवर स्पष्ट आहे. युरोपीय संघ आणि त्याचे सदस्य देश बाहेरच्या देशाशी जे भागीदारी करार करतात, त्यांच्यासाठी १९७२ च्या युरोपियन कम्युनिटीज अ‍ॅक्टमध्ये (युरोपीय कायदा ब्रिटनमध्ये लागू करणारा कायदा) कलम १(३) होतं: सरकारी आदेशाचा मसुदा दोन्ही सभागृहांनी मंजूर केला की करार त्या कायद्याच्या कक्षेत यायचा.

माझं घोडं अडलंय ते पुढे. असा आदेश निघाल्यावर करारातली सगळी कलमं लागू व्हायची, की त्याच कायद्याच्या कलम २(१) मुळे (वेगळा कायदा न करता थेट लागू होणाऱ्या हक्कांबद्दलचं कलम) फक्त स्पष्ट आणि बिनशर्त हक्कच? मला दुसरं पटतं, कारण 'सहकार्य वाढवू' अशा वाक्यावर दावा कसा उभा राहणार? यावरचा एखादा निकाल कुणी सुचवाल का? प्रबंधाचं अख्खं प्रकरण याच मुद्द्यावर थांबलंय.