एक गॅरेट पुरतो म्हणणाऱ्यांनो, जरा इकडे या

तिसरा_डाउन

'बुलडोझर' यांनी परवा अमेरिकन फुटबॉलच्या (एनएफएल) ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी कॉलेजचे खेळाडू फेरीफेरीने निवडण्याच्या, धाग्यावर ठोकून दिलं: "पहिल्या पाचात एक मायल्स गॅरेट उचला, मागेल ते पैसे द्या, दुसऱ्या कोपऱ्यात कोणीही उभा राहिला तरी चालतं. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत पास रशर (चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) घेणं म्हणजे लॉटरीचं तिकीट." तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते इतकं लांबलं की वेगळा धागाच काढला.

गॅरेटचंच बघू. २०१७ चा पहिला पिक, म्हणजे ड्राफ्टमधली पहिली निवड. २०२५ मध्ये २३ सॅक (क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच आडवं करणं), एका हंगामातला विक्रम. त्याच हंगामात त्याचा संघ ब्राउन्स पाच जिंकले, बारा हरले. तो आल्यापासून प्लेऑफमधला विजय एकच, जानेवारी २०२१ मध्ये पिट्सबर्गला हरवलं तो. यात त्याचा दोष नाही. एकट्या माणसाला थांबवायची युक्ती सगळ्यांना पाठ असते. त्याच्या बाजूला टाइट एंड (अडवणारा आणि पासही घेणारा) लावायचा, रनिंग बॅकने पास घ्यायला निघता निघता बरगडीत खांदा घालायचा, गार्डने (अडवणाऱ्या फळीतला आतला माणूस) आतली वाट बुजवायची. झालं.

चौघं मारके असले की हा हिशेब बसत नाही. अडवणारे पाच, घुसणारे चार. दोघांनी मिळून एकाला धरायची चैन फक्त एकाच ठिकाणी परवडते. मदतीला सहावा थांबवला तर पास घ्यायला एक माणूस कमी, आणि मागे सात जण कव्हरेजला, म्हणजे पास घेणाऱ्यांना झाकायला, उभेच आहेत.

फेब्रुवारी २०२५ चा सुपर बोल (हंगामाचा अंतिम सामना) आठवा. ईगल्स ४०, चीफ्स २२. चीफ्सचा क्वार्टरबॅक माहोम्सला सहा वेळा आडवं केलं, तेही ईगल्सचा बचाव प्रशिक्षक विक फॅन्जिओने एकही ब्लिट्झ (चौघांपेक्षा जास्त जण घुसवणं) न सोडता. सॅक कोणाचे? जॉश स्वेट अडीच (२०१८, चौथी फेरी), मिल्टन विल्यम्स दोन (२०२१, तिसरी), जॉर्डन डेव्हिस एक (२०२२, पहिली), जेलिक्स हंट अर्धा (२०२४, तिसरी). सगळे घरचे, म्हणजे ड्राफ्टमधून घेतलेले. त्याच फळीतल्या जेलन कार्टरच्या नावावर शून्य, कारण दोघं दोघं त्याच्याच अंगावर होते. आणि बाजारातून तीन वर्षांसाठी ५१ दशलक्ष डॉलरला आणलेला ब्राइस हफ? त्या दिवशी खेळणाऱ्यांच्या यादीतच नव्हता.

आता हे जमवायचं कसं. पहिल्या शंभर पिकांत दरवर्षी एक तरी रशर, मग गरज दिसो वा ना दिसो. करार चार वर्षांचा, पहिल्या फेरीतल्याला पाचव्या वर्षाचा पर्याय. एकाच वर्षी दोघं घेऊन तीन वर्षं झोपलात तर दोघंही एकाच मार्चमध्ये पैसे मागायला दारात उभे. म्हणून वर्षं पुढेमागे हवीत. शिवाय चौघांची अंगकाठी एक नको: २५० पौंडांचा कोपऱ्यावरून वाकून जाणारा एक, २७५ चा अंगावर चालून जाणारा एक, गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर उभा राहणारा ३०० चा एक, आणि तिसऱ्या डाउनला (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा) आत सरकू शकेल असा चौथा.

बुलडोझर

धागा माझ्या नावाने काढल्याबद्दल आभार. आता ऐका. तुमची यादी म्हणजे फक्त लागलेल्या तिकिटांची यादी. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत घेतलेले आणि दुसऱ्या करारापर्यंतही न टिकलेले एज (कोपऱ्यावरचे रशर) मोजायला बसलात तर हा धागा पुरायचा नाही.

पिकांची किंमत मांडणाऱ्या जिमी जॉन्सनच्या तक्त्यात पहिला पिक ३००० गुणांचा, चौसष्टावा २७० चा. एका गॅरेटच्या बदल्यात तसे अकरा. त्या अकरांतून तुम्हाला चार चांगले मिळतील ही खात्री कुठून आणली?

आणि तुमचे लाडके ईगल्स. सुपर बोलनंतरच्या मार्चमध्ये विल्यम्स १०४ दशलक्ष घेऊन पेट्रियट्सकडे, स्वेट कार्डिनल्सकडे. पुढच्या हंगामात काय झालं? निवृत्त ब्रँडन ग्रॅहमला परत बोलवावं लागलं आणि नोव्हेंबरात जेलन फिलिप्ससाठी मायामीला तिसऱ्या फेरीचा पिक मोजला. एवढी खोली होती तर भोक पडलं कुठून?

तिसरा_डाउन

भोक पडलं कारण एक वर्ष चुकवलं! २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिला पिक लाइनबॅकरवर, दुसरा सेफ्टीवर, एज थेट सहाव्या फेरीत. एप्रिलमध्ये वाचवलेला तिसऱ्या फेरीचा पिक नोव्हेंबरात व्याजासकट गेला. माझंच म्हणणं सिद्ध करून दिलंत, धन्यवाद.

कॅपवाला

दोघंही ड्राफ्टच्या नादात. २०२३ चे रेव्हन्स घ्या. ६० सॅक, लीगमध्ये सर्वाधिक. जॅडेव्हिऑन क्लाउनी एका वर्षाच्या करारावर, साडेनऊ. काइल व्हॅन नॉय तर हंगामाचे तीन आठवडे उलटल्यावर घरून बोलावला, नऊ. २०२० च्या मोसमातले बक्स: शकील बॅरेट बाजारातून, सू बाजारातून, पिअर-पॉल ट्रेडमधून, घरचा म्हणावा असा एक व्हिटा व्हेआ. चीफ्सना ३१-९.

तिशी ओलांडलेला एज ऑगस्टमध्ये स्वस्त असतो, कारण तोवर सगळ्यांचे पैसे संपलेले असतात. त्याला पहिल्या दोन डाउनला वापरू नका, सामन्यात २५ स्नॅप (चाली) द्या, तो तुमच्या तिसऱ्या फेरीच्या पोरापेक्षा जास्त देतो. त्या पोराला हात कुठे ठेवायचे हे शिकायलाच दोन वर्षं लागतात.

लाल_पेन

कॅपवाला, रेव्हन्सचा मधला माणूस विसरलात. मडुबिकेचे १३ सॅक, २०२० ची तिसरी फेरी. तो पोटात घुसत होता म्हणून बाहेरच्या म्हाताऱ्यांना क्वार्टरबॅक आयता मिळत होता. बक्सच्या सामन्यात चीफ्सचे दोन्ही नेहमीचे टॅकल (अडवणाऱ्या फळीच्या टोकाचे) बाहेर होते, तेही सांगा की.

बुलडोझर, तिकीट म्हणता, पण तिकिटाचा नंबर आधी वाचता येतो. वाचणारे कमी, एवढंच. कॉलेजचे सॅक मोजू नका, व्हिडिओवर सॅक कसा आला ते बघा. क्वार्टरबॅक चार सेकंद चेंडू धरून बसला आणि हा शेवटी पोचला, तो सॅक खोटा. तिसरा डाउन, सात यार्डांहून जास्त बाकी, समोर खरा टॅकल (मदतीला आलेला टाइट एंड नव्हे), तेवढेच स्नॅप काढा. पहिली चाल अडली की दुसरी आहे का? पहिली दहा यार्ड १.६ सेकंदांच्या आत? हात ३३ इंच? हात आखूड असले तर टॅकल आधी छातीला लावतो आणि विषय संपतो. सीनियर बोलच्या (ड्राफ्टआधीचा कॉलेजवाल्यांचा सामना) एकास एक सरावावर भाळू नका. तिथे टॅकलला मदत नसते आणि बाजूला मोकळं मैदान असतं, कोणीही हिरो दिसतो.

आणि नुसत्या शरीरावर पिक घालणाऱ्यांसाठी व्हर्नन घोल्स्टन. २००८, जेट्स, सहावा पिक. अख्ख्या कारकिर्दीत सॅक शून्य. हे नाव दर एप्रिलला त्यांच्या ड्राफ्टरूमच्या दारावर लिहिलं पाहिजे.

सेकॉकसकर

घोल्स्टन नको हो, जेट्सवाले शेजारी आहेत, रडतात.

चौघांची कल्पना ईगल्सची नाही, आमच्या जायंट्सची आहे. फेब्रुवारी २००८, पेट्रियट्स १८-०, जायंट्स १७-१४, पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक ब्रेडी पाच वेळा खाली. स्ट्रेहन दुसरी फेरी, युमेन्योरा दुसरी, टक तिसरी. आमचा बचाव प्रशिक्षक स्पॅग्न्युओलोने टकला गार्डसमोर आणून बसवला. एंडच्या (टोकाच्या रशरच्या) पायांचा माणूस गार्डसमोर आला की गार्डचं पाऊल मागे पडतं, तो सेंटरकडे (फळीच्या मधल्याकडे) बघतो, सेंटर दुसऱ्याला धरून बसलेला. याला म्हणतात खोली.

बुलडोझर

सेकॉकसकर, २०२५ चं पण सांगा. बर्न्स, थिबडो, अब्दुल कार्टर, डेक्स्टर लॉरेन्स. चौघं पहिल्या फेरीच्या दर्जाचे. १७ पैकी ४ विजय. खोली मोजायला दोर कमी पडला वाटतं.

सेकॉकसकर

पहिल्या डाउनला धाव अडवता आली नाही तर पास रशर काय आरती ओवाळणार? दुसरा डाउन आणि चार यार्ड बाकी असताना समोरचा पासही टाकू शकतो, धावूही शकतो. रशरला अर्धा सेकंद थांबून बघावं लागतं, तिथेच तो मेला. पास रश कमवावा लागतो. यात ड्राफ्टच्या धोरणाचा काय संबंध? उगाच मीठ चोळायला येऊ नका.

तिसरा_डाउन

सेकॉकसकरांशी सहमत, म्हणूनच डेव्हिससारखा ३३० पौंडांच्या वरचा माणूस माझ्या हिशेबात धरला आहे.

बुलडोझर

हिशेबात सगळंच धरता. २०२२ चे ईगल्स? ७० सॅक, चार जण दहाच्या वर: रेडिक १६, स्वेट, हारग्रेव्ह आणि ग्रॅहम ११-११. तुमच्या व्याख्येप्रमाणे इतिहासातली सगळ्यात खोल फळी. त्या हंगामाच्या ग्लेनडेलच्या सुपर बोलमध्ये (फेब्रुवारी २०२३) माहोम्सवर सॅक किती? शून्य. ३८-३५ हरले. आणि चौघांतले रेडिक, हारग्रेव्ह बाजारातले, हे वर.

तिसरा_डाउन

ते गवत होतं. आख्ख्या जगाने बघितलं.

बुलडोझर

आलं! गवत आलं! तीन वर्षं झाली, अजून गवत.

मळेकरी

गवतावर हसू नका. ताहोमा ३१, ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाने काढलेली बर्म्युडाची संकरित जात. ग्लेनडेलला मैदान ट्रेवर असतं, उन्हाला बाहेर काढतात, मग आत सरकवतात. जॉर्ज टोमा, पहिल्या सुपर बोलपासून मैदानं सांभाळणारा माणूस, नंतर उघड म्हणाला की पाणी फार दिलं आणि लगेच आत नेलं, ऊन दिसलंच नाही. खाली ओल राहिली की पात्यांवर निसरडा थर येतो, बुटांचे खिळे रुततात पण माती धरत नाही, वरचा गालिचाच सरकतो. खेळाडूंनी मध्यंतरातच नव्हे, चालू सामन्यातही लांब खिळ्यांचे बूट चढवले.

कोपऱ्यावरून वळताना रशर आतल्या बाजूला झुकतो, सगळा भार आतल्या पायाच्या कडेवर. तो पाय सरकला की वळण मोठं होतं, आणि मोठं वळण म्हणजे क्वार्टरबॅकच्या मागून निघून जाणं. रेडिकचं सगळं दुकान त्या एका वळणावर.

बुलडोझर

मग हारग्रेव्ह आणि कॉक्सचे पाय कोणी धरले होते? ते तर सरळ पुढे जातात. चीफ्सचे रशर पण त्याच गवतावर होते, त्यांनी ईगल्सचा क्वार्टरबॅक हर्ट्सला दोनदा पाडलं.

कॅपवाला

गवत नव्हे, चीफ्सचा प्रशिक्षक अँडी रीड. माहोम्सचे २७ पैकी २१ पास पूर्ण, एकूण १८२ यार्ड. यार्ड बघा. चेंडू हातात ठेवलाच नाही. शेवटच्या भागातले दोन टचडाउन, टोनी आणि स्काय मूर, दोन्ही एकाच युक्तीवर: रिसीव्हर (पास घेणारा) आत निघाल्यासारखं करून उलटा बाहेर, कव्हरेजवाले एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत. दोन सेकंदांत चेंडू गेला तर रशर चार असोत नाहीतर चौदा.

मळेकरी

अडीच सेकंदांनी सुटलेल्या पासचे व्हिडिओ परत बघा, स्वेट दोनदा घसरलेला दिसेल. बाकी तुमची मर्जी.

बुलडोझर

बागकामाचा वेगळा धागा काढा.

लाल_पेन

कॅपवाला यांच्या मुद्द्यातच उत्तर आहे आणि कोणी बघत नाही. २०२२ चे ईगल्स कव्हरेजमध्ये कमी पडले. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये तीच फळी नव्हती, पण मागे क्विन्यन मिचेल आणि कूपर डिजीन होते, दोघं २०२४ चे पहिल्या दोन फेऱ्यांतले. पहिला रिसीव्हर झाकलेला, माहोम्स दुसऱ्याकडे बघतो, तेवढ्यात विल्यम्स पोटात. रशला जो जास्तीचा अर्धा सेकंद मिळतो तो कॉर्नर (रिसीव्हरला झाकणारा) देतो. तेव्हा 'दरवर्षी एक रशर' हे घोकू नका. कॉर्नर उघडे असतील त्या वर्षी कॉर्नर घ्या.

तिसरा_डाउन

कॉर्नर घ्या, पण शंभरच्या आत पिक तीन असतात. तिसरा रशरला द्या. ब्रॉन्कोजनी काय केलं? व्हॉन मिलर रॅम्सना दिला, त्यातून आलेल्या चौसष्टाव्या पिकावर निक बोनिटो घेतला. २०२४ मध्ये त्याचे साडेतेरा, संघाचे ६३, लीगमध्ये पहिला नंबर. दुसऱ्या बाजूला जोनथन कूपर, सातवी फेरी. बुलडोझर, तुमच्या तक्त्यातला २७० गुणांचा पिक तो हाच.

कॅपवाला

आणि जाणाऱ्याला जाऊ द्या, हे कोणीच म्हटलं नाही. मोठा करार घेऊन गेलेल्या माणसामागे भरपाईचा पिक मिळतो, जास्तीत जास्त तिसऱ्या फेरीच्या शेवटी. अट एकच: त्याच मार्चमध्ये तुम्ही तितकाच महाग माणूस बाजारातून आणला तर दोन्ही कटतात. दुसऱ्या संघाने काढून टाकलेला माणूस आणला तर कटत नाही. म्हणून म्हातारे घ्यायचेच तर कापलेले घ्या. ड्राफ्टवाल्यांना फुकट सल्ला.

सेकॉकसकर

रेडर्सचं २०१९ राहिलं. एकाच ड्राफ्टमध्ये क्लेलिन फेरेल चौथा पिक आणि मॅक्स क्रॉस्बी १०६ वा. बुलडोझर, यातलं तिकीट कुठलं?

बुलडोझर

फेरेलला चौथा पिक म्हणून तेव्हाही सगळे हसले होते, ते उदाहरण धरत नाही.

बरं. पास रशर हचिन्सनचा पाय मोडल्यावर २०२४ मध्ये डेट्रॉइटची काय अवस्था झाली ते बघितलंय, म्हणून एवढं देतो: एक तारा आहे, त्याच्यामागे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतला एक माणूस तयार ठेवा. एक. दरवर्षी नाही, दोन वर्षांआड. आणि तारा आधी. तो नसेल तर तुमच्या चौघांतल्या कोणालाच समोरचा दोघांनी धरत नाही, मग तुमच्या त्या पाचास चारच्या हिशेबाचं लोणचं घाला.

तिसरा_डाउन

दोन वर्षांआड म्हणजे करार संपताना हातात दोनच. तिसरा कुठून आणणार?

कॅपवाला

ऑगस्टमध्ये. सांगितलं की वर.

मळेकरी

खिळे पाऊण इंचाचे होते की अर्ध्याचे, कोणाला पक्कं माहीत आहे का?